बिनगिअरच्या मोटारींतील पट्टा : कांहीं दोष

हल्लीं पुष्कळ मोटारगाड्यांत हातानें गिअर बदलावा लागत नाहीं. अशा गाड्यांच्या सीव्हीटी नांवाच्या प्रकारांत दातेरी चाकांच्या ठराविक जोड्यांऐवजीं दोन कप्प्या व त्यांवर एक पट्टा असतो. कप्पीच्या उतरत्या बाजू जवळ आल्या कीं पट्टा कडेकडे चढतो, दूर झाल्या कीं आंत उतरतो. त्यामुळें वेगाचें प्रमाण धक्का न बसतां बदलतें. हॉलंडमधील डाफ कारखान्यानें १९५८ सालीं रबरी पट्ट्याची अशी लहान गाडी काढिली; १९८७ सालीं जपानच्या सुबारूनें पोलादी पट्ट्याची गाडी विक्रीस आणिली. हिचे गुण विक्रेता सांगतोच. दोष आपण पाहूं.

पहिला दोष घर्षणाचा. ऑईल एंजिनावर चक्की चालविणारास ठाऊक आहे कीं, भार वाढला म्हणजे पट्टा घसरतो, आणि फार ताणला तर बेअरिंगें तापतात. येथेंही तेंच आहे. पट्टा घसरूं नये म्हणून तेलाच्या मोठ्या दाबानें कप्प्या आवळून धराव्या लागतात, व त्या दाबासाठीं लागणारी शक्ति एंजिनांतूनच खर्च होते.

दुसरा दोष उष्णतेचा. भरलेली गाडी घेऊन लांब घाट चढतांना तेल तापतें. तें फार तापल्यास यंत्ररक्षणासाठीं पुष्कळ गाड्या आपोआप जोर कमी करितात. मागें ट्रेलर जोडून ओझें ओढण्यास अशी गाडी सहसा योग्य नव्हे.

तिसरा दोष, पायाखालीं दाब देतांच एंजिनाचा आवाज आधीं चढतो व वेग मागाहून येतो. सवय नसणारास पुढील वाहन ओलांडतांना हा विलंब धोक्याचा होतो.

चौथा दोष दुरुस्तीचा. पट्टा एकदां घसरून कप्पीवर ओरखडे पडले कीं लोखंडाचा कीस तेलांत मिसळतो, आणि पुष्कळदां सर्व पेटीच बदलावी लागते. गांवच्या मिस्त्रीच्या हातचें हें काम नव्हे.

अखंड गति देणारे ट्रॅक्टरही आहेत. जर्मनींतील फेंट कारखान्यानें असा ट्रॅक्टर १९९५ सालीं दाखविला. परंतु त्यांत पट्टा नाहीं. शक्तीचा कांहीं भाग दाबाच्या तेलांतून व उरलेला दातेरी चाकांतून जातो. म्हणून ट्रॅक्टरावरून मोटारीची परीक्षा करूं नये.

सारांश, ज्यास शहरांत फिरावयाचें आहे त्यास ही गाडी सुखाची आहे. ज्यास माल, घाट व कच्चा रस्ता नित्याचा, त्यानें दातेरी गिअरची गाडी पसंत करावी. जुनी सीव्हीटी गाडी घेणेंच झाल्यास तेल कितीदां व कोणतें बदललें याची नोंद पाहावी, आणि भार भरून चढावर चालवून पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत.