नेट झकास चाललंय, मग राउटर हॅक कसा?

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरी फायबरचं नेट आहे. साताऱ्याची मेहुणी परवा म्हणाली, की घरातले राउटरसुद्धा गुपचूप हॅक होतात. आमचं नेट तर झकास चालतं. त्या डबड्यात कोणाला काय सापडणार? आणि झालाच हॅक, तर कळणार कसं?

उत्तर : मेहुणीचं खरं आहे. राउटर हॅक होतो आणि बहुतेक वेळा घरच्यांना पत्ताही लागत नाही. नेट झकास चालतंय, यावरून काहीच सिद्ध होत नाही. ज्याला तुमचा राउटर वापरायचाय, त्याला तो बंद पडून कसं चालेल?

आपल्याकडे या विषयाची बोंब झाली, ती मोडेम बंद पडले म्हणूनच. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे सुमारे ६०,००० मोडेम एकाएकी ठप्प झाल्याच्या बातम्या आल्या. युजरनेम ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’, कारखान्यातून आला तसाच; मालवेअर त्यातूनच आत शिरलं. पासवर्ड बदला, असं बीएसएनएलला ग्राहकांना सांगावं लागलं. ‘ब्रिकरबॉट’ नावाच्या या मालवेअरच्या कर्त्याचं म्हणणं असं, की असली उघडी यंत्रं आपण मुद्दाम मारतो, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या टोळीत जात नाहीत.

अशी टोळी आदल्याच वर्षी जगाने पाहिली होती. ‘मिराई’ हे मालवेअर ठरावीक साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून बघायचं आणि कॅमेरे, राउटर ताब्यात घ्यायचं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांनी एकदम मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडल्या. त्या यंत्रांच्या मालकांना यातलं काही जाणवलंही नसेल.

आता डबड्यात काय सापडतं ते बघू. राउटर हा छोटा संगणकच असतो. चोवीस तास चालू आणि कोणाचं लक्ष नसलेला. चोराला मुख्यतः तुमचा इंटरनेटवरचा पत्ता हवा असतो. त्या पत्त्याआडून तो दुसरीकडे फसवणूक करतो आणि माग निघतो तो तुमच्या घरापर्यंत. दुसरा उपयोग डीएनएस बदलण्याचा. साइटचं नाव टाकल्यावर कुठे जायचं हे डीएनएस सांगतो. तोच बदलला की बँकेऐवजी नकली पान उघडतं. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास अशा पद्धतीने ४५ लाख मोडेम बाटवले गेले. दिलासा एवढाच, की आजच्या बँकेच्या आणि यूपीआय अ‍ॅपमधला मजकूर कुलूपबंद जातो, तो राउटरवाल्याला सहसा वाचता येत नाही. पण ब्राउझरने ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा इशारा दिला, तर ‘पुढे जा’ दाबू नका.

केबलवाल्यांकडे नेहमी दिसणाऱ्या मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांची गोष्टही ऐका. त्यांतली खोट बुजवणारं अपडेट एप्रिल २०१८ मध्येच आलं होतं. तरी त्याच ऑक्टोबरमध्ये भारतातले सुमारे ३०,००० मायक्रोटिक राउटर बाधित सापडले. त्यांतून जाणाऱ्या वेब पानांमध्ये आभासी चलन खणणारा कोड घुसवला जात होता. औषध होतं, पण कोणी दिलंच नाही.

आपल्या भागात लाइट गेली की राउटर आपोआप बंद-चालू होतो. त्याने मिराईसारखं, फक्त मेमरीत राहणारं मालवेअर पुसलं जातं. पण पासवर्ड तोच राहिला तर ते पुन्हा येतं. शिवाय सगळीच मालवेअर तेवढ्याने जात नाहीत. मे २०१८ मध्ये ५४ देशांतल्या किमान पाच लाख यंत्रांत सापडलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’चा पहिला भाग रीस्टार्टनंतरही टिकून राहायचा.

तेव्हा लक्षणांची वाट बघू नका, थेट राउटरची सेटिंग उघडा. लक्षात ठेवा, वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा. पाहुण्यांना सांगतो तो पहिला. चोराला हवा असतो दुसरा, आणि तोच बदलायचा राहतो. तो बदला. ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय, चालू दिसलं, तर ते केबलवाल्याला लागतं का विचारून बंद करा. डीएनएसच्या रकान्यातले आकडे त्याच्याकडून पडताळून घ्या. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. संशय असेल तर फॅक्टरी रीसेट करा, पण आधी कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड मागून घ्या, नाहीतर नेटच बंद पडेल. कंपनीने अपडेट देणं थांबवलेला जुना राउटर मात्र बदललेलाच बरा. घरातले संगणक आणि मोबाइल तपासायला सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची साधनं फुकट मिळतात. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन करा.

पुढच्या वेळी केबलवाला पैसे घ्यायला आला, की त्याला तीन प्रश्न विचारा : राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे? सगळ्या गिऱ्हाइकांना तोच दिलाय का? शेवटचं अपडेट कधी केलं? तो डोकं खाजवू लागला, तर पासवर्ड त्याच्यासमोरच बदला.