अ‍ॅम्प्लिफायरचा आयसी पुन्हा पुन्हा का जळतो?



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवायला घेतात. बहुतेकांकडे टीडीए २०३० हा पाच पायांचा आयसी असतो. तो जळतो, मूल नवा आणतं, तोही जळतो. तिसऱ्यांदा मूल म्हणतं, "मला हे जमणारच नाही." तुम्ही लगेच चौथा आयसी आणून देऊ नका. आधी त्याला विचारा, कधी जळला? चालू करताक्षणी की गाणं वाजता वाजता?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण जास्त तापला तर स्वतःच बंद पडायची सोय या आयसीच्या आतच असते. म्हणून चालू करताक्षणीच जळत असेल तर नुसत्या उष्णतेला दोष देऊ नका.

आता व्होल्टेज बघा. ट्रान्सफॉर्मरवर १२-०-१२ लिहिलेलं असतं, पण तो एसीचा आकडा. डायोड आणि कपॅसिटरनंतर तो साधारण १.४ पट होतो, म्हणजे १७ च्या आसपास. भार नसताना किंवा लाईनचं व्होल्टेज वाढलं की त्याहून वर. या आयसीची कमाल मर्यादा दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट! मुलाला मल्टिमीटरने डीसी मोजायला लावा, अंदाज नको. १५ च्या आत असेल तर निश्चिंत.

दुसरी जागा कोणाच्या लक्षातच येत नाही. आयसीच्या पाठीचा धातूचा पत्रा आतून तिसऱ्या पायाला, म्हणजे उणे सप्लायला जोडलेला असतो. हीटसिंक पत्र्याच्या डब्याला आणि डबा ग्राउंडला टेकला की उणे बाजू थेट शॉर्ट. मधे अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचा वॉशर हवाच. सिंगल सप्लायच्या सर्किटमध्ये तिसरा पाय ग्राउंडलाच असतो, त्यामुळे तिथे हे चालून जातं आणि मुलं फसतात.

थोड्या वेळाने बिघडत असेल तर हीटसिंक लहान आहे का, चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडलेत का, ते बघा.

नवा आयसी बसवल्यावर ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब (एलईडी नको) २३० व्होल्टच्या बाजूला सिरीजमध्ये लावा. हे काम मोठ्यांनीच करायचं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मंद झाला तरी स्पीकर लगेच जोडू नका. आधी आउटपुट आणि ग्राउंडमधलं डीसी मोजा, ते शून्याजवळ आलं की मगच स्पीकर.