वरच्या प्राथमिक वर्गातील एक आठवडा : मॉन्टेसरी पद्धतीचा विचार

मॉन्टेसरी पद्धती म्हटली की बालवाडीतील मणी व ठोकळे डोळ्यांपुढे येतात. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे सुरू केलेले पहिले बालगृह लहान मुलांसाठीच होते. तथापि ६ ते १२ वयोगटाच्या शिक्षणाचा त्यांचा विचार विस्ताराने आकारास आला, तो भारतात. १९३९ मध्ये त्या मद्रासच्या अड्यार येथे आल्या. महायुद्धामुळे मुक्काम लांबला व कोडाईकनाल येथे मोठ्या मुलांसमवेत हे कार्य झाले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाड येथे स्थानिक, अल्पखर्ची साधने वापरून बालशिक्षण ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत नेले.

या पद्धतीत ९ ते १२ वर्षांची मुले हेतुपूर्वक एकाच वर्गात बसतात. आपल्या द्विशिक्षकी शाळांत अनेक इयत्ता एकत्र बसणे ही अडचण समजली जाते. तिचेच साधन कसे करता येईल, हे सोलापूर परिसरातील शाळेसाठी योजलेल्या पुढील आठवड्यावरून ध्यानी येईल.

सोमवारी शिक्षक भीमा नदीची कथा सांगतात : भीमाशंकरला उगम, उजनीचा जलाशय, पंढरपूरची चंद्रभागा, पुढे कृष्णेशी संगम. कथा मुद्दाम अपुरी ठेवली जाते. मुले प्रश्न काढतात, गट पाडतात व आठवड्याचे काम स्वतःच्या वहीत नोंदवितात.

मंगळवारी एक गट नकाशा काढतो, दुसरा ज्वारी व पावसाची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवितो. बुधवारी चार-पाच मुले एका पालकासह यंत्रमागावर जातात. सर्व वर्गाची सहल न नेता, ज्यांना प्रश्न पडला त्यांनीच जावयाचे, हा यातील विशेष. ताणा व बाणा पाहून ती धागे मोजतात. एका इंचात ४० धागे, तर ६० इंच रुंदीस किती? गुरुवारी हा गुणाकार प्रथम रंगीत चौकटींच्या पटावर मणी मांडून व नंतर कागदावर होतो, उत्तर २,४००. मोठी मुले लहानांस रीत दाखवितात आणि दाखविताना त्यांची स्वतःची समज पक्की होते.

शुक्रवारी घरोघरच्या मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू शब्दांचा तक्ता तयार होतो. घरची भाषा वर्गात लाजेचा विषय न राहता अभ्यासाचा विषय होते. शनिवारी गट आपले काम सर्वांपुढे मांडतात.

येथे एक रास्त शंका उद्भवते. निवड मुलांवर सोपविल्यास नावडते गणित मागे पडणार नाही काय? पडू शकते. म्हणूनच शिक्षक दर आठवड्यास प्रत्येक मुलाबरोबर त्याची वही पाहतात, विहित अभ्यासक्रमाशी ताडतात आणि राहिलेला भाग पुढील आठवड्यात प्रथम घ्यावयास लावतात. स्वातंत्र्य व जबाबदारी यांची सांगड या वहीत आहे. ती नसेल तर उरतो तो केवळ गोंधळ.

पट पुठ्ठ्याचा होऊ शकतो, मण्यांऐवजी चिंचोके चालतात. उत्तर ठाऊक असूनही मुलाला शोधू देण्याचा शिक्षकाचा संयम मात्र कोणत्याही अनुदानातून येत नाही. पंचायत सदस्यांनी माग, शेत व बाजार मुलांस खुले करून दिले आणि अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी मुलांच्या वह्याही वाचल्या, तर त्या संयमास बळ मिळेल.