वसंतगीताची टाळी का चुकते?

प्रश्न : क्लोद ल झन या जुन्या फ्रेंच संगीतकाराचं ‘रव्वासी व्हनीर द्यू प्रँताँ’ हे वसंताच्या आगमनाचं समूहगीत ऐकलं. ऐकताना पाय आपोआप हलतो, पण टाळी धरायला गेलं की हमखास चुकते. असं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही बहुधा दादरा धरलात. या गाण्याला ताल नाही, वृत्त आहे! १५७० साली कवी बाईफ यांनी राजा नववा शार्ल याच्या आश्रयाने पॅरिसमध्ये काव्य-संगीताची अकादमी काढली. प्राचीन ग्रीकांसारखं काव्य आणि संगीत एकजीव करायचं, म्हणजे श्रोत्याच्या मनावर तसाच परिणाम होईल, असा त्यांचा हिशेब. म्हणून फ्रेंच अक्षरांनाही त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ ठरवून दिलं. फ्रेंच कानाला हे ओढूनताणूनच वाटलं असणार. आपण मात्र शाळेत लघु-गुरू मोजलेली माणसं, आपल्याला यात नवल नाही.

अशा मोजलेल्या शब्दांना चाल देताना ल झन यांनी दीर्घाला ऱ्हस्वाच्या दुप्पट लांबीचा सूर दिला, बस्स. ध्रुवपदाची ओळ आठ अक्षरांची : ल ल गा ल गा ल गा गा. मात्रा बारा. तीन-तीनवर टाळी देऊन पाहा. पहिली बरोबर पडते, पुढच्या तिन्ही नेमक्या एकेका गुरूच्या पोटात जातात. चार-चारवर दिलीत तर तिन्ही टाळ्या अक्षराच्या तोंडावर येतात, आणि मधली अक्षरं त्यांना हुलकावणी देत पळतात. गाण्याची सगळी मजा त्या पळण्यात आहे.

त्या काळच्या बहुस्वरी गायनात आवाज एकामागून एक शिरत आणि शब्द हरवत. इथे सगळे आवाज एकच अक्षर एकदम उच्चारतात, म्हणून वृत्त स्पष्ट ऐकू येतं. कडव्यांची गंमत वेगळी : पहिलं दोन आवाजांत, दुसरं तीन, तिसरं चार, शेवटचं पाच. दरवेळी पाच आवाजांचं ध्रुवपद परत येतं. ऋतू भरत जातो तसं गाणं भरत जातं.

ल झन प्रोटेस्टंट होते. १५९० साली कॅथलिकांच्या ताब्यातल्या पॅरिसला वेढा पडला, तेव्हा तिथून निसटताना त्यांची हस्तलिखितं पहारेकरी जाळणार होते. ती कॅथलिक संगीतकार मित्र जाक मोद्वी यांनी वाचवली, असं संगीताचे अभ्यासक मेर्सेन यांनी लिहून ठेवलंय. हे गाणं ज्यात आहे तो ‘ल प्रँताँ’ हा गीतसंग्रह छापून आला १६०३ साली. ल झन त्याआधीच, १६०० मध्ये वारले होते.

पुढच्या वेळी चार-चारची टाळी धरा आणि ती अजिबात हलू देऊ नका.