पाणी आपलं, पाहणं मुलांचं



कुत्रा नको, मांजर नको, मग निदान मासे तरी आणा, असा हट्ट घरात सुरू झाला की अलीकडे बरेच आई-बाबा श्रिम्पपाशी येऊन थांबतात. लालचुटूक, जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरची, मॉसवर बसून दिवसभर पुढच्या इवल्या नांग्यांनी काहीतरी वेचत राहणारी चेरी श्रिम्प. जागा कमी लागते, आवाज नाही, फिरवायला न्यावं लागत नाही. टाकी, खडी, झाडं आणि श्रिम्प असं सगळं एकाच संध्याकाळी घरी येतं आणि आठवडाभरात एकेक श्रिम्प मरू लागते. मूल रडतं. आपण म्हणतो, 'जाऊ दे, दुसऱ्या आणू.' या 'जाऊ दे'बद्दल मला तुमच्याशी मनापासून बोलायचं आहे.

घरच्या टाकीतल्या श्रिम्प बहुतेक वेळा पाण्यामुळे मरतात, आणि पाणी हा मोठ्यांनी सांभाळायचा विषय आहे. आपण नेमकं उलट करतो. 'तुला हवी होती ना, आता तूच बघ,' म्हणून सगळा कारभार आठ वर्षांच्या मुलीवर सोपवतो आणि ती तासभर टाकीसमोर बसली की 'अभ्यास नाही का?' म्हणून तिला उठवतो. माझी विनंती अशी की पाण्याची जबाबदारी तुम्ही घ्या आणि पाहण्याचं काम तिला पोटभर करू द्या.

नुकती भरलेली टाकी दिसायला स्वच्छ असते, पण अजून राहण्याजोगी झालेली नसते. विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेली पानं यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही श्रिम्पला विषारी. नायट्रेट थोडं असलं तर चालतं. काही झाडं शोषून घेतात, बाकीचं पाणी बदलताना निघून जातं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, खडीवर, काचेवर नीट वस्ती करेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्यांनाही खायला लागतं, म्हणून या काळात रिकाम्या टाकीत चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहायचं. वाढदिवसाला श्रिम्प द्यायच्या असतील तर टाकी दीड महिना आधी भरा.

दीड महिना रिकामी टाकी पाहून मूल कंटाळेल असं वाटतं ना? त्याला कामं द्या. थेंबांचा टेस्ट किट आणा. नळीत पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे, रंग तक्त्याशी ताडून वहीत लिहायचा. अमोनिया वर चढतो, मग उतरतो, नायट्राइट वर येतं, तेही शून्यावर येतं. हा आलेख मुलाने स्वतःच्या हाताने काढला की 'आता आणू या' हे तुम्हाला सांगावं लागत नाही, तेच येऊन सांगतं. याच काळात काचेवर आणि पानांवर बुळबुळीत पातळ थर धरतो. तो घासून काढायचा मोह आवरा. शेवाळ, जिवाणू आणि सूक्ष्म जीवांचा तो थर म्हणजे श्रिम्पचं, विशेषतः पिल्लांचं मुख्य अन्न. देशी बदामाची गळलेली, वाळून तपकिरी झालेली पानं धुऊन टाकीत सोडली तर त्यांच्यावरही हा थर छान धरतो. फवारणी होत नाही अशा झाडाखालची पानं मात्र शोधून आणा. हेही मुलांच्या आवडीचं काम.

टाकी वीस लिटरपेक्षा लहान घेऊ नका. छोट्या काचेच्या भांड्यात पाण्याचा स्वभाव तासातासाला बदलतो. फिल्टर स्पंजचाच हवा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात.

आता नळाचं पाणी. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो आपल्यासाठी आवश्यक आणि टाकीसाठी घातक. अँटी-क्लोरीनचे थेंब घालूनच पाणी भरा. बोअरचं पाणी बऱ्याच गावांत फार जड असतं, आर.ओ.चं पाणी उलट इतकं हलकं की त्यात खनिजं जवळजवळ उरतच नाहीत. निव्वळ आर.ओ.च्या पाण्यात श्रिम्प टिकत नाही, कारण कवच बनवायला तिला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. चेरी श्रिम्पला मध्यम जड पाणी मानवतं. टीडीएस मीटर साधारण 150 ते 250 दाखवत असेल आणि तापमान 20 ते 26 अंशांत असेल तर बहुतेक घरांत काम भागतं. पाणी एकदम अर्धं बदलू नका. आठवड्याला दहाएक टक्के, तेही हळूहळू, पुरे होतं. एप्रिल-मे महिन्यांत टाकी तिशीच्या वर जाऊ लागली की पाण्यावर छोटा पंखा लावा. वाफ होऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. उडालेल्या पाण्याच्या जागी आर.ओ.चं पाणी घाला, कारण खनिजं टाकीतच राहिलेली असतात.

आपल्याकडे एका गोष्टीचा इशारा मला ठळकपणे द्यायचा आहे. संध्याकाळ झाली की आपण दारं लावतो आणि डासांचं लिक्विड चालू करतो, कुणी अगरबत्ती लावतं. त्यांतली औषधं कीटकांसाठी बनवलेली असतात, आणि श्रिम्प कीटकांच्या बऱ्याच जवळच्या नात्यातली आहे. माशांना न बाधणारी मात्राही तिचा जीव घेऊ शकते. आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडत असतो. टाकी ज्या खोलीत असेल तिथे जाळ्या बसवा, मच्छरदाणी लावा. घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर टाकी दुसऱ्या घरी हलवा. मुलाच्या हातापायांना डासांचं क्रीम लावलं असेल तर तो हात पाण्यात जाता कामा नये. तांब्याचंही तसंच आहे: माशांच्या रोगांवरच्या आणि शेवाळ मारायच्या काही औषधांत तांबं असतं, आणि तेही श्रिम्पसाठी विष आहे. तांब्याच्या कळशीतलं पाणी टाकीत ओतू नका, हे आजी-आजोबांनाही सांगून ठेवा.

एके सकाळी मूल ओरडत येईल, 'श्रिम्प मेली!' तळाशी पारदर्शक, डोळ्यांसकट, मिशांसकट पूर्ण आकार पडलेला असेल. घाई करू नका. भिंग घेऊन दोघं मिळून पाहा. आत काहीच नाही, डोक्यामागे फट आहे, काचेसारखं पोकळ कवच आहे. तिने कात टाकली आहे. खरोखर मेलेली श्रिम्प बहुधा दुधट-गुलाबी होते. कात टाकलेली श्रिम्प मऊ असते, म्हणून दिवसभर मॉसमध्ये लपते. ते कवच काढून टाकू नका; त्यातली खनिजं त्या पुन्हा खातात.

आणि मग तो प्रसंग येतो ज्यासाठी एवढी तयारी करायची. मादी नरापेक्षा मोठी, पोटाशी रुंद आणि रंगाने गडद असते. तिच्या मानेमागे पिवळसर किंवा हिरवट ठिपक्यांचा पट्टा दिसू लागतो. ती आत तयार होणारी अंडी. तिने कात टाकली की पाण्यात एक रासायनिक संदेश सुटतो आणि एरवी शांत बसणारे नर टाकीभर सैरावैरा पोहू लागतात. मूल विचारेल, यांना काय झालं? त्या क्षणी विषय बदलू नका. नर मादीला शोधतायत, तिला शुक्राणू देणार, मग तिची अंडी फळणार, असं सरळ सांगा. शब्द नेमके असले आणि आवाज नेहमीचा असला की मूलही ते नेहमीसारखं ऐकतं. पुढे दहाव्या-बाराव्या वर्षी जे अवघड बोलणं आपण टाळत राहतो, त्याची सुरुवात इथे अगदी सहज होऊन जाते.

पुढचे तीन ते चार आठवडे मादी वीस-तीस अंडी पोटाखालच्या पायांत धरून फिरते. सतत पाय हलवून त्यांना वारा घालते, उलटीपालटी करते, बुरशी लागू देत नाही. शेवटी शेवटी अंड्यांत काळे ठिपके दिसतात. ते पिल्लांचे डोळे. भिंगातून ते पहिल्यांदा पाहिलेलं मूल मी पाहिलं आहे, आणि म्हणूनच हे सगळं इतक्या आग्रहाने लिहिते आहे. बाहेर येतात ती जेमतेम दोन मिलिमीटरची, हुबेहूब मोठ्यांसारखी पिल्लं. चेरी श्रिम्पमध्ये पाण्यात तरंगणारी वेगळी अळीची अवस्था नसते. टाकीत मासे असतील तर ही पिल्लं त्यांच्या तोंडी जातात, गप्पींच्यासुद्धा. पिल्लं हवी असतील तर मासे नकोत.

श्रिम्प विकत घेताना जात विचारून घ्या. दुकानात अमानो श्रिम्पही मिळते. जपानचे ताकाशी अमानो यांनी पाणवनस्पतींच्या टाकीत शेवाळ खायला ती वापरली आणि ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शेवाळ खाण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, पण तिच्या अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं. घरच्या टाकीत ती अंडी धरते, पिल्लं मात्र दिसत नाहीत आणि मूल वाट पाहत राहतं. आपल्या खाड्यांना मिळणाऱ्या नद्यांतली मोठी कोळंबीही अशीच; तिची पिल्लावळ वाढते खाडीच्या मचूळ पाण्यात. काळ्या पट्ट्यांच्या बी श्रिम्पमधून 1990च्या दशकात हिसायासु सुझुकी यांनी निवडून निवडून लाल-पांढरी क्रिस्टल रेड तयार केली. ती देखणी आहे, पण तिला मऊ आणि गार पाणी लागतं. मुलाची पहिली टाकी असेल तर ती टाळा.

मूल म्हणेल, लाल घेऊ, निळी घेऊ, पिवळी घेऊ, सगळ्या एकत्र ठेवू. चीन-तैवानच्या ओढ्यांतली मूळ श्रिम्प तपकिरी, पारदर्शक असते. हे सगळे रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेले. ते मिसळले की पुढच्या पिढ्यांत पुन्हा तो तपकिरी रंग डोकावतो. एकच रंग घ्यायचा की मिश्र, ते मुलाला समजावून त्यालाच ठरवू द्या. एक मात्र पाहा. रंग जपणारे लोक फिक्या श्रिम्प वेगळ्या काढतात, त्यांना 'लो ग्रेड' म्हणतात. मुलाने तसं केलं तर त्या फिक्यांसाठी दुसरी टाकी किंवा दुसरं घर आधी ठरलेलं असू द्या. केवळ फिका रंग आहे म्हणून जीव टाकून द्यायचा, हे आपल्या घरात कुणी शिकू नये.

खाऊ घालण्यात मुलांना फार आनंद वाटतो, आणि तिथेच सर्वांत जास्त आवर घालावा लागतो. दहा-पंधरा श्रिम्पना दोन-तीन दिवसांतून एकदा, उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालकाचा टपाल तिकिटाएवढा तुकडा पुरतो. उरलं तर काही तासांनी काढून टाका. सुट्टीत आठ-दहा दिवस गावी जाताना शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगू नका. काचेवरच्या थरावर त्या आरामात राहतात.

या श्रिम्प एक-दोन वर्षंच जगतात. हे मुलाला पहिल्या दिवशी सांगा, पहिल्या मृत्यूच्या दिवशी नव्हे. मेलेली श्रिम्प रात्री गुपचूप काढून तशीच दुसरी आणून सोडू नका. दिवसभर निरखणाऱ्या मुलाच्या ते लक्षात येतं. एखादी म्हातारी होऊन गेली तर कुंडीत पुरा. दोन-तीन एका दिवशी गेल्या तर मात्र लगेच अमोनिया तपासा, आणि काय सापडलं ते मुलाला सांगा.

सगळं जमून आलं तर काही महिन्यांत टाकी भरून जाते. तेव्हा कुणीतरी सुचवेल, ओढ्यात सोडा, पुण्य लागेल. तसं अजिबात करू नका. जर्मनीतल्या गिलबाख नावाच्या ओढ्यात वीजकेंद्राचं कोमट पाणी येतं, तिथे टाकीतल्या चेरी श्रिम्पनी कायमचं बस्तान बसवलं आहे. आपले ओढे तर बारा महिने कोमटच, आणि सह्याद्रीच्या पाण्यात तिच्या कुळातल्या आपल्या स्वतःच्या लहान कोळंब्या आहेत. त्यांच्यात ही परकी भर नको. टाकीचं जुनं पाणीही झाडांच्या कुंड्यांत ओता, ओढ्यात नको. जास्तीच्या श्रिम्प मुलाच्या मित्रांना द्या: टाकीतलंच पाणी पिशवीत घ्या, सोबत मॉसचा एक झुपका घाला. आणि देण्याआधी त्या घरच्या आई-बाबांना तुम्ही स्वतः फोन करून विचारा की त्यांची टाकी भरून किती आठवडे झाले आणि त्या खोलीत डासांसाठी काय लावतात.