'असं' म्हणजे कसं? : न सांगता येणाऱ्या अनुभवाचे व्याकरण

।। श्री गुरुदेव दत्त ।।

दत्तजयंतीच्या अंकात व्याकरणाचा धडा कशाला, असे वाटेल. पण हा धडा मला व्याकरणाच्या पुस्तकाने दिला नाही, माझ्या मायने दिला. तो नीट समजायला मला फार वर्षे लागली, म्हणून लिहून ठेवतो.

मी भोकरला मराठीचा मास्तर. नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती, तेव्हाची गोष्ट. मार्गशीर्ष पौर्णिमेला गल्लीतल्या चार बायांबरोबर माय माहूरला गेली. रेल्वेने किनवट, तिथून पुढे एस.टी. तिसऱ्या दिवशी परत आली. संध्याकाळी ओसरीवर शेजारणी जमल्या, प्रसाद वाटला गेला. एकीने विचारले, "आक्का, दर्शन कसं झालं?" माय म्हणाली, "काय सांगू बाई, शिखरावर गेले, आरती चालू होती, हात जोडले, अन् असं झालं... असं..." आणि तिने उजवा हात छातीवर ठेवला.

मी शेजारीच वह्या तपासत बसलो होतो. हातात लाल पेन. म्हणालो, "माय, असं म्हणजे कसं? वाक्य पुरं कर की." बाया हसल्या. मायही हसली आणि चहा टाकायला आत गेली. त्यानंतर ती पुष्कळदा माहूरला गेली, पण माझ्यासमोर तिने दर्शनाची गोष्ट पुन्हा काढली नाही.

तिचे वाक्य खरेच अपुरे होते का?

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले. तेव्हापासून आपण शाळेत शब्दांच्या जाती शिकतो. नाम वस्तूचे नाव सांगते. विशेषण त्या नामाबद्दल सांगते. क्रियाविशेषण मात्र क्रियेबद्दल सांगते. ती कुठे झाली, केव्हा झाली, किती झाली, कशी झाली. यातले 'कशी' सांगणारे ते रीतिवाचक. 'असे', 'तसे', 'हळू', 'सहज' ही त्यांतली.

आता विचार करा. माय म्हणाली असती, "मला शांती मिळाली", तर 'शांती' हे नाम झाले. नाम आले की त्याची वस्तू होते. मग किती मिळाली, कुठे मिळाली, शेजारणीला का नाही मिळाली, असे बाजारातल्या मालासारखे प्रश्न निघतात. ती म्हणाली, "असं झालं." तिने कशाचे नाव घेतले नाही. जे घडले ते कसे घडले, एवढ्याकडे बोट दाखवले. शब्द जिथे संपला तिथे तिचा हात पुढे झाला. ते वाक्य पूर्णच होते. फक्त त्याचा अर्धा भाग वहीत लिहिता येणारा नव्हता, आणि मी वह्या तपासणारा माणूस.

झोपेचा दाखला

माहूर हे दत्तात्रेयांचे निद्रास्थान, अशी आपली परंपरा. स्नान एका क्षेत्री, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला. वेदान्तातही झोपेचाच एक जुना दाखला आहे. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, "सुखानं झोपलो, काही कळलं नाही." दोन्ही गोष्टी एका दमात म्हणतो! काहीच कळले नाही, तर सुखाने झोपलास हे कोणी पाहिले? शास्त्रकार सांगतात की मन-बुद्धी विसावली तरी पाहणारा साक्षी जागा होता, त्याची ही आठवण.

यात आपल्या कामाचा शब्द आहे 'सुखानं'. झोपेत काय दिसले, याचे त्या माणसाजवळ एकही नाम नाही. रंग नाही, आकार नाही. उरले एक क्रियाविशेषण. हा अनुभव तर घरोघरी रोज रात्री येतो. तोही ज्याला वर्णन करून सांगता येत नाही, त्याने शिखरावरच्या एका क्षणाचे वर्णन मायजवळ मागावे, हा कुठला न्याय?

भक्तांच्या तोंडचे चार शब्द

आपल्या मंडळींचे बोलणे कान देऊन ऐकले, तर हे चार शब्द पुन्हा पुन्हा येतात.

१) जणू. "जणू कोणी पाठीवरून हात फिरवला." अलंकार शिकवताना उत्प्रेक्षेची खूण म्हणून आम्ही हा शब्द सांगतो. यात नम्रता आहे. हात फिरवलाच असा दावा नाही, पण जे वाटले ते लपवलेलेही नाही.

२) साक्षात. मूळ संस्कृत अव्यय, त्यात 'अक्ष' म्हणजे डोळा आहे. डोळ्यांदेखत, मध्ये कोणी नाही. 'जणू' अंतर ठेवतो, 'साक्षात' अंतर पुसतो. म्हणून हा शब्द जपून वापरावा. अडचणीत धावून आलेल्या माणसाला "साक्षात दत्त महाराज आले" म्हणतो, तेव्हा तो कृतज्ञतेने उच्चारलेला असतो. आपला मोठेपणा वाढवण्यासाठी उच्चारला, की तो खोटा पडतो.

३) आपोआप. "आपोआप डोळ्यांतून पाणी आलं." वाक्याची रचना पाहा. "मी रडलो" यात कर्ता मी. "पाणी आलं" यात मी बाजूला झालो. अहंकार जावा म्हणून आपण एवढी पारायणे करतो. इथे एका शब्दाने कर्ता मागे सरकला.

४) असं. हा चौघांत सर्वांत रिकामा. 'जणू' उपमा मागतो, 'साक्षात' नाव मागतो, 'आपोआप'ला निदान क्रिया सांगावी लागते. 'असं' काहीच मागत नाही. भांडे रिकामे म्हणूनच त्यात काहीही मावते.

आरतीतला 'असे'

हा शब्द अडाणी बायकांचा, असे कोणी समजू नये. एकनाथ महाराजांची दत्ताची आरती आपण रोज म्हणतो. तिच्या पहिल्याच कडव्यात 'नेति नेति' येते. हे बृहदारण्यक उपनिषदातले शब्द. फोड करा : न + इति. 'इति' हे अव्यय, अर्थ 'असे'. 'इत्यादी' आणि 'इतिहास' या शब्दांतही तेच बसले आहे. म्हणजे नेति नेति म्हणजे 'असे नाही, असे नाही'. ऋषी म्हणाले "असे नाही", माय म्हणाली "असं". मला पूर्वी हे उलट वाटे. आता वाटते, दोघेही एकाच उंबऱ्यावर उभे आहेत. वर्णन करू पाहणाऱ्याला ऋषी आत येऊ देत नाहीत, आणि माय वर्णन न करता आत जाऊन आलेली.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात एक गोष्ट दिली आहे. बाष्कलीने बाध्व ऋषींना ब्रह्म काय ते विचारले. ऋषी गप्प राहिले. त्याने पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा ते म्हणाले की मी सांगतोच आहे, तुला उमगत नाही. ऋषींचे मौन हेच उत्तर होते.

म्हणून संतांनी शब्द टाकून दिले, असे मात्र नाही. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) आपल्याच दत्तसंप्रदायातले. त्यांनी गीतेवर 'गीतार्णव' हा प्रचंड ग्रंथ रचला आणि पंचीकरण चक्क कापडाच्या लांब पासोडीवर लिहून काढले. वाट दाखवायला शब्द लागतातच, कितीही लागतात. पोचल्यावर ते कमी होतात.

एक बांगडी

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथांनी याच स्कंधावर एकनाथी भागवत लिहिले आणि १५७३ साली काशीत पूर्ण केले. त्या चोवीस गुरूंत एक कुमारी आहे. घरी पाहुणे आलेले, मोठे कोणी नाही, म्हणून ती आतल्या बाजूला साळी कांडते. बांगड्या वाजतात. पाहुण्यांना कळू नये म्हणून ती एकेक उतरवते. दोन-दोन उरल्या तरी वाजतात. एकेक उरली, तेव्हा आवाज थांबला.

अवधूताने यातून एकांत शिकला. मास्तर म्हणून मी त्यात आणखी एक पाहतो. नाम उतरले, विशेषण उतरले, उपमा उतरली. शेवटी 'असं' ही एकच बांगडी हातात राहिली. ती वाजत नाही, पण हात मोकळाही नाही.

शेवटचा धडा

मायच्या शेवटच्या दुखण्यात एका रात्री मी तिच्या उशाशी होतो. धीर करून विचारले, "माय, त्या वर्षी माहूरला काय झालं होतं?" बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आता काय सांगू बाबा. तवा तू इचारलंच न्हाईस. चूक काढलीस." रागावून नाही, सहज म्हणाली. मग माझा हात ओढून तिने आपल्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. त्या हाताखाली काय होते, ते मलाही सांगता येणार नाही.

तेव्हा वाचकहो, एवढीच विनंती. या जयंतीला घरातले कोणी दर्शनाहून येईल, पारायणावरून उठेल आणि म्हणेल, "असं झालं..." तेव्हा 'म्हणजे कसं' म्हणून अडवू नका. अर्थही सांगू नका, आणि आपला मोठा अनुभव पुढे करू नका. "बरं" म्हणा आणि घटकाभर उगं जवळ बसा. सांगायचे असेल तर ते माणूस सांगेल. नाही सांगितले, तरी तुम्ही ऐकलेलेच असेल.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.