शाळेपुढचा अशोक

शाळेपुढे, देवळापुढे, दवाखान्याच्या कुंपणाशी एक झाड तुम्ही पाहिले असेल. सरळ, उंच, खांबासारखे. त्याच्या फांद्या खाली लोंबतात आणि खोड झाकून टाकतात. पाने लांब, चकचकीत, कडा लाटेसारख्या. बारा महिने हिरवेगार. आपण त्याला अशोक म्हणतो.

पण सीतामाई ज्याच्याखाली बसली, तो अशोक हा नव्हे. तो सीताअशोक. हा खोटा अशोक. गुजरातेत याला आसोपालव म्हणतात आणि याच्या पानांचे तोरण दाराला बांधतात.

दोन्ही कसे ओळखायचे? फुले बघा. सीताअशोकाला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात, अगदी खोडावरसुद्धा. नंतर चपट्या शेंगा धरतात. खोट्या अशोकाची फुले हिरवट, पानांत लपलेली. पुष्कळांना ती दिसतही नाहीत. त्याला शेंग नसते. जांभळासारखी लहान फळे येतात.

हे कशाला सांगायचे? सीताअशोकाची साल वैद्य औषधात घालतात. बाईच्या अंगावरून फार जात असेल, तर देतात. मग कोणी सांगते, "अगं, अशोक तर शाळेपुढेच आहे. घे साल, कर काढा." ती साल त्या झाडाची नव्हेच! बाजारातल्या सालीतही ही भेसळ होते. बाई काढा पीत राहते, दुखणे वाढत जाते, अंगातले रक्त कमी होते. बायांनो, लाजू नका. असे दुखणे अंगावर काढू नका. दवाखाना गाठा. आणि खोडाची साल चहूकडून सोलली, तर झाडही मरते.

खोटा म्हणून हे झाड वाईट नाही हो. जागा थोडी लागते. कुंपणाला लावायला छान. मात्र सावलीची आशा धरू नका. बैल बांधायला, पार बांधायला कडुनिंब किंवा वडच हवा.

लावायचे तर पाच-सहा फुटांवर खड्डे घ्या. शेणखत घाला. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या. शेंडा छाटू नका, आकार बिघडतो. वर विजेची तार नको. बी ताजेच पेरा. जुने उगवत नाही. वटवाघळे आणि कोकिळा ही फळे खातात, बिया खाली पडतात. पावसाळ्यात जुन्या झाडाखाली नजर टाका. रोपे फुकट मिळतील.